घरच्या मिग वेल्डिंगला गॅस कोणता: आरगॉन, सीओटू की मिक्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगल फेजवर चालणारं १८० अँपिअरचं मिग मशीन घेतलंय, ०.८ मिमीची तांब्याचा मुलामा असलेली साधी वायर आहे. काम बहुतेक माइल्ड स्टीलचं, दीड ते पाच मिमी जाडीचं. चौकोनी पाइप, अँगल, पट्टी. गॅस देणारा म्हणतो शुद्ध आरगॉन घ्या, तो सगळ्या धातूंना चालतो. मित्र म्हणतो सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पुरे. पुढेमागे थोडं स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमही करायचंय. एका सिलिंडरमध्ये सगळं भागेल का?

सगळं एका सिलिंडरमध्ये भागत नाही. तुमच्या आजच्या कामाला मात्र एक सिलिंडर पुरेल, आणि तो शुद्ध आरगॉनचा नसावा. ८० टक्के आरगॉन आणि २० टक्के सीओटू असं मिक्स तुम्हाला सहज भरून मिळत असेल तर तेच घ्या. मिळत नसेल, किंवा काम तीन मिमीच्या वरचंच जास्त असेल, तर बिनदिक्कत सीओटू घ्या. त्यात कमीपणा काही नाही. ॲल्युमिनियमचं काम खरोखर हातात येईल त्या दिवशी आरगॉनचा वेगळा सिलिंडर आणा. आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

मिग हे नाव इथे थोडं फसवं आहे. त्यातला 'आय' म्हणजे इनर्ट, कशाशीही संयोग न करणारा वायू. १९४८ च्या सुमारास ही पद्धत आकाराला आली ती ॲल्युमिनियमसारख्या धातूंसाठी, आणि तिथे आरगॉन-हेलियम हेच वायू वापरले जात. स्टीलला सीओटू वापरायला सुरुवात झाली ती १९५३ नंतर. सीओटू किंवा सीओटूचं मिक्स लावून आपण जे करतो त्याला काटेकोरपणे 'मॅग' म्हणतात, म्हणजे ॲक्टिव्ह गॅस. मशीन तेच, टॉर्च तीच. पण 'मिग म्हणजे आरगॉन' हा समज तिथूनच आलेला आहे, आणि तुमच्या गॅसवाल्याने तोच तुमच्या हाती दिला आहे.

गॅसचं पहिलं काम हवा दूर ठेवण्याचं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. वितळलेलं लोखंड नायट्रोजन भरपूर शोषतं, आणि थिजताना तो सामावून घेता येत नाही म्हणून बाहेर टाकतं. तेच बुडबुडे बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या थिजलेल्या रेघेत, अडकतात आणि आपल्याला भोकं दिसतात. जो आत राहतो तो सांधा ठिसूळ करतो. म्हणून स्वस्तातला 'नायट्रोजन लावून बघू का' हा विचार स्टीलच्या बाबतीत मनात आणू नका.

पण हवा दूर ठेवण्यापुरतंच काम असतं तर शुद्ध आरगॉन खरंच सर्वांत उत्तम ठरला असता. १८९४ मध्ये सापडलेल्या या वायूचं नावच ग्रीक भाषेतल्या 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून पडलंय. तो कशातच भाग घेत नाही. गडबड अशी की गॅस नुसतं पांघरूण घालत नाही, आर्क, म्हणजे वायर आणि कामाच्या मधली विजेची ज्योत, त्याच गॅसमधून पेटतो. आर्कचा आकार, उष्णता कुठे पडते, थेंब कसा सुटतो, रस, म्हणजे वितळलेला धातू, कडेपर्यंत पसरतो की नाही, हे सगळं गॅस ठरवतो.

शुद्ध आरगॉनवर माइल्ड स्टील कसं दिसतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. एक तरुण माझ्याकडे तीन मिमी पट्टीचे दोन तुकडे घेऊन आला होता, तुमच्यासारखाच सल्ला ऐकून. वरून पाहिलं तर रंग स्वच्छ, शिंतोडे जवळजवळ नाहीत, आणि तो त्यावर खूश. पण बीड पट्टीवर दोरीसारखी उभी होती. बोट फिरवलं तर दोन्ही कडांना नख अडकेल एवढी खाच लागत होती. तुकडा शिकंज्यात धरून दोन घाव घातले आणि बीड एका बाजूने सोलून निघाली. खालच्या पट्टीवर मधोमध एक बारीक वितळलेली रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या रोलिंग मिलमधून आलेली निळसर-काळी साल जशीच्या तशी.

हे का होतं? आरगॉन उष्णता वाहून नेण्यात मंद आहे. त्यामुळे आर्कचा गाभा अरुंद आणि तापलेला, भोवतालचा भाग त्या मानाने थंड. पेनिट्रेशन, म्हणजे रस धातूत किती खोल शिरतो ते, बोटासारखं मधोमध खाली जातं, बाजूंना काही नाही. दुसरं, स्टीलवर आर्कला पाय रोवायला थोडं ऑक्साइड लागतं. आरगॉनमध्ये ते मिळत नाही म्हणून आर्क इकडेतिकडे भटकतो. तिसरं, थोडा ऑक्सिजन रसात गेला की त्याचा पृष्ठताण उतरतो आणि रस कडेपर्यंत पसरतो. तो नसला की रस गोळा होऊन बसतो. म्हणजे स्टीलला किंचित 'अशुद्ध' गॅस हवाच असतो. दोन टक्के ऑक्सिजन किंवा पाच टक्के सीओटू मिसळला तरी फरक दिसतो.

आता सीओटू. आर्कच्या तापमानाला तो टिकत नाही, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन होतो, आणि त्याला ऊर्जा लागते. पट्टीच्या जरा थंड पृष्ठभागाजवळ ते पुन्हा एकत्र येतात तेव्हा ती ऊर्जा तिथेच सोडतात. म्हणून सीओटूवर पेनिट्रेशन खोल आणि रुंद मिळतं. थोडं गंजकट, साल न काढलेलं लोखंडही तो बऱ्यापैकी निभावून नेतो. स्वच्छ करून घेणं केव्हाही चांगलं, पण घरी काम करताना प्रत्येक कोपरा चकचकीत होत नाही हेही खरं आहे. आणि नवशिक्याचा सगळ्यांत मोठा दोष म्हणजे वरून छान दिसणारा, आतून न चिकटलेला सांधा. तो सीओटूवर कमी होतो. याच कारणाने जाड कामाला मी मिक्स हाताशी असतानाही बरेचदा सीओटू लावतो.

त्याचे तोटे तुम्हाला लगेच दिसतील. शिंतोडे जास्त, बीड थोडी खडबडीत, धूर अधिक, आणि पातळ पत्र्यावर व्होल्टेज जमवायची जागा अरुंद. अर्धा व्होल्ट इकडे-तिकडे झाला की आर्क तडतडायला लागतो. सीओटूमधला ऑक्सिजन वायरमधलं मँगनीज आणि सिलिकॉन जाळतो. त्यासाठीच आपली नेहमीची वायर, म्हणजे ईआर ७० एस-६, यात हे दोन्ही मुद्दाम जास्त ठेवलेले असतात: मँगनीज १.४ ते १.८५ टक्के, सिलिकॉन ०.८ ते १.१५ टक्के. ते जळून बीडवर तपकिरी काचेसारखे ठिपके तयार होतात. तो दोष नाही. पण रंग देण्याआधी ते टोकदार हातोडीने आणि तारेच्या ब्रशने काढा. तसेच ठेवले तर काही महिन्यांनी तो ठिपका रंगासकट सुटतो आणि गंजाला तिथूनच वाट मिळते.

मिक्स या दोघांच्या मधलं. आरगॉनमुळे आर्क शांत होतो, थेंब लहान सुटतात, शिंतोडे कमी. सीओटूमुळे रस पसरतो आणि पेनिट्रेशन पुरेसं मिळतं. घरच्या मशीनवर आपण करतो ते बहुतेक शॉर्ट सर्किट पद्धतीचं वेल्डिंग, म्हणजे वायरचं टोक सेकंदाला २० ते २०० वेळा रसाला टेकतं आणि तुटतं. मिक्सवर हे नीट जमलं की पत्र्याच्या छपरावर बारीक सर सलग पडावी तसा एकसारखा आवाज येतो. सीओटूवर तोच आवाज जाडसर आणि फुटका असतो. नवीन माणसाला कान तयार करायला मिक्स फार मदत करतं, आणि दीड मिमीच्या पाइपला भोक पाडण्याची भीतीही कमी होते. तुमच्या कामात पाइप आहे म्हणूनच माझा कौल आधी मिक्सला.

७५/२५, ८०/२०, ८२/१८ यांपैकी नेमकं कोणतं, यावर डोकं शिणवू नका. शॉर्ट सर्किटवर, ०.८ च्या वायरला, यातला फरक व्होल्टेजच्या बटणाने भरून निघतो. पुरवठादाराकडे जे नियमित भरलं जातं ते घ्या. लेबलावर आयएसओ १४१७५ चं वर्गीकरण असेल तर काम सोपं: १५ ते २५ टक्के सीओटूचं आरगॉन मिक्स 'एम २१', शुद्ध सीओटू 'सी १', शुद्ध आरगॉन 'आय १'. तोंडी 'वेल्डिंगचा गॅस द्या' म्हणण्यापेक्षा हे लिहून नेलं तर गफलत होत नाही. ९५/५ सारखं मिक्स जाड कामाच्या स्प्रे (वायर रसाला न टेकता बारीक थेंबांनी वितळते) किंवा पल्स (करंट ठोक्याठोक्याने देणाऱ्या) वेल्डिंगसाठी असतं. स्प्रेसाठी आरगॉन ८० टक्क्यांच्या वर लागतो आणि ०.८ वायरला साधारण १५० अँपिअर ओलांडावे लागतात. १८० अँपिअरचं घरचं मशीन तिथे फार वेळ टिकत नाही, तापून बंद पडतं. तो विषय तुम्ही सध्या बाजूला ठेवा.

एक शंका हमखास येते: मिक्सचा सिलिंडर बरेच दिवस उभा राहिला तर जड सीओटू खाली बसतो का? नाही. एकदा मिसळलेले वायू आपोआप वेगळे होत नाहीत. सिलिंडर आडवा लोळवायची गरज नाही.

सिलिंडर किती पुरेल, हे गणित आधी करून ठेवा, कारण इथे सीओटू आणि बाकीचे यांच्यात मूलभूत फरक आहे. आरगॉन आणि मिक्स सिलिंडरमध्ये वायूच्याच रूपात दाबलेले असतात. दहा लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला तर १५०० लिटर गॅस. मिनिटाला दहा लिटरने तो १५० मिनिटं पुरतो, म्हणजे प्रत्यक्ष ट्रिगर दाबलेली १५० मिनिटं. मापणं, कापणं, टाके मारणं, घासणं यात जाणारा वेळ त्यात नाही, त्यामुळे घरच्या वापराला हे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. सीओटू मात्र द्रवरूपात असतो. तेवढ्याच दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये सहा-साडेसहा किलो बसतो आणि एका किलोचा साधारण ५४० लिटर गॅस होतो. म्हणजे ३३०० लिटरच्या आसपास, दुपटीहून अधिक. जागा कमी असेल आणि भरायला लांब जावं लागत असेल तर हाही मुद्दा सीओटूच्या बाजूचा आहे.

पण याच द्रवामुळे गेजवर विसंबता येत नाही. आरगॉनचं गेज अर्ध्यावर आलं की गॅस अर्धा उरला. सीओटूचं गेज २० अंशांना ५७ बार दाखवतं, आणि आत द्रवाचा थेंब असेपर्यंत ५७ च दाखवत राहतं. द्रव संपला की काटा भराभर खाली. मी सुरुवातीच्या काळात एका फाटकाच्या फ्रेमचं शेवटचं तोंड जोडत होतो, गेज भरलेलं दिसत होतं, आणि मधल्या चार इंचांत बीड अचानक जाळीदार झाली. ती पूर्ण ग्राइंडरने खोदून काढावी लागली. तेव्हापासून सीओटू मी वजनावरच मोजतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन खांद्यावर ठोकलेलं असतं, आजच्या वजनातून ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो. आणखी एक बारकावा: ३१ अंशांच्या वर सीओटू कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. त्यामुळे उन्हाने तापलेल्या शेडमध्ये भरलेल्या सिलिंडरचं गेज बरंच वर चढलेलं दिसेल. घाबरू नका, पण सिलिंडर सावलीत ठेवा.

द्रवाचा वायू होताना उष्णता खेचली जाते, म्हणून सलग काम केलं की सीओटूच्या रेग्युलेटरवर दव आणि मग बर्फ धरतो, आणि प्रवाह खालीवर व्हायला लागतो. कारखान्यात त्याला हीटर लावतात. घरी थांबून थांबून काम होतं, तिथे सहसा गरज पडत नाही. तळाशी नळी सोडलेला, म्हणजे द्रवच बाहेर देणारा सिलिंडर असतो. तो चुकूनही घेऊ नका. घेताना हे विचारायचंच. आणि सीओटूच्या व्हॉल्व्हचे आटे आरगॉनच्या व्हॉल्व्हसारखे नसतात. रेग्युलेटर त्या त्या गॅसचाच घ्या. पुढे गॅस बदलणार असाल तर आजच तो विचार करून रेग्युलेटर निवडा. टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा जबरदस्तीने आटे बसवायचे नाहीत, तिथे दीडशे बार आहेत.

प्रवाह किती ठेवायचा? बंद जागेत, मिलिमीटरमधल्या वायरच्या जाडीला दहाने गुणलं की येणारा आकडा मिनिटाला लिटर म्हणून धरा. ०.८ ला आठ. मी स्वतः आठ ते दहा ठेवतो, वारा हलत असेल तर बारा. लोक भोकं दिसली की वीस-पंचवीसवर नेतात, आणि भोकं वाढतात. नोझलच्या अरुंद तोंडातून गॅस जोरात सोडला की तो घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढून घेतो. गॅस शांतपणे पांघरूण घालायला हवा, फुंकर मारायला नको.

इथे मी जरा जास्त वेळ थांबतो, कारण 'गॅस खराब आहे' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गॅस ठीकच असतो. बीडमध्ये भोकं आली तर सिलिंडर बदलण्याआधी हे बघा. पहिलं, वारा. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे चेहऱ्याला जेमतेम जाणवणारी झुळूक, गॅसचं पांघरूण उडवायला पुरते. दार उघडं आहे का, मागे पंखा आहे का? दुसरं, नोझल. आत शिंतोड्यांचा थर चढला की गॅस एका बाजूने वळतो, बीडच्या एकाच काठाला भोकं पडतात. नोझल काढा, पक्कडीच्या टोकाने खरवडा, त्यामागच्या डिफ्यूझरची, म्हणजे गॅस चहूकडे वाटणाऱ्या भागाची, बारीक छिद्रं मोकळी आहेत का पाहा. सीओटूवर हे दर काही मिनिटांनी करावं लागतं. तिसरं, टॉर्चचा कोन आणि अंतर: काँटॅक्ट टिपपासून, म्हणजे वायर जिच्यातून बाहेर येते त्या तांब्याच्या टोकापासून, कामापर्यंत दहा-बारा मिमी, कोन दहा-पंधरा अंश. टॉर्च फार आडवी धरली की मागून हवा शिरते. चौथं, लोखंडावरचं तेल, रंग, जस्ताचा थर.

हे सगळं ठीक असेल तर गळती. सिलिंडर उघडा, रेग्युलेटरवर प्रवाह बसवा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि ट्रिगरला हात न लावता दहा मिनिटं सिलिंडर-दाबाच्या गेजकडे पाहा. काटा हलला नाही तर मशीनपर्यंतची लाइन पक्की. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. मशीनच्या पुढची गळती या चाचणीत सापडत नाही, कारण आतला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा गॅसचा व्हॉल्व्ह, बंद असतो. तिथे वायर फीडचा रोलर ढिला करून ट्रिगर दाबा आणि नोझलच्या तोंडाशी प्रवाह मोजा. त्यासाठी प्लॅस्टिकची छोटी नळी मिळते, आत एक गोळी तरंगते. रेग्युलेटरवर दहा आणि नोझलशी सहा असेल तर चार लिटर वाटेत जातायत. युरो कनेक्टरवाली, म्हणजे मशीनमधून काढता-घालता येणारी, टॉर्च असेल तर तिच्या पितळी टोकावरची रबरी ओ-रिंग पाहा. माझ्याकडे एकदा दोन दिवस सगळं तपासून झालं आणि शेवटी त्या ओ-रिंगला केसाएवढी चीर निघाली. अशा फटीतून गॅस फक्त बाहेर जात नाही, वाहत्या गॅसबरोबर हवा आतही ओढली जाते. म्हणून प्रवाह वाढवून हा दोष कधीच सुटत नाही.

आता पुढच्या कामाबद्दल. स्टेनलेसला ८०/२० लावलं तर सांधा जमतो, पण काळपट होतो आणि सीओटूतला कार्बन रसात शिरतो. ३०४ एल, ३०८ एल अशा नावांतला 'एल' म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. तीच मेहनत आपण वाया घालवतो आणि सांध्याशी गंजण्याची ताकद कमी होते. शोभेच्या जाळीला कुणी केलं तर मी वाद घालणार नाही. पाण्यात, ओलाव्यात किंवा रसायनात राहणाऱ्या वस्तूला नको. तिथे आरगॉनमध्ये दोन टक्के सीओटू किंवा दोन टक्के ऑक्सिजन, असं मिक्स लागतं. वर्षातून एखादं स्टेनलेसचं काम असेल तर त्यासाठी सिलिंडर घेऊ नका, स्टेनलेसच्या इलेक्ट्रोडने साध्या आर्क वेल्डिंगवर करा.

ॲल्युमिनियमला मात्र शुद्ध आरगॉन, आणि त्यात तडजोड नाही. सीओटूचा अंशही असला तर काजळी आणि भोकं. तिथे ऑक्साइडचा थर धातूवर आधीच असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याचं ऑक्साइड २००० च्या वर. आरगॉनमधला आर्क, वायर पॉझिटिव्हवर असताना, तो थर फोडत पुढे जातो. प्रवाह बारा-पंधरा लिटर लागतो. पण गॅस ही त्यातली सोपी गोष्ट. मऊ वायर लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या केबलमधल्या नळीत, गुंता करते, म्हणून टेफ्लॉनचा लायनर, यू आकाराच्या खाचेचे रोलर किंवा स्पूल गन, म्हणजे वायरचं रीळ टॉर्चवरच असलेली गन, हवी. ही तयारी झाल्याशिवाय आरगॉन आणून ठेवण्यात अर्थ नाही. टिग, म्हणजे टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने वेल्डिंग, करायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी, कारण टिगला तोच आरगॉन चालतो आणि मग सिलिंडर दोन्हीकडे कामाला येतो. हेलियमचं मिक्स बारा मिमीच्या वरच्या ॲल्युमिनियमला उपयोगी. घरी त्याचं काम नाही.

काम बरंचसं उघड्यावर असेल तर गॅसचा विचारच सोडा आणि स्वतःच संरक्षण करणारी फ्लक्स-कोअर वायर, म्हणजे आत फ्लक्सची भुकटी भरलेली वायर, वापरा. तिच्यासाठी मशीनच्या आतली पोलॅरिटी उलटी करावी लागते, टॉर्च निगेटिव्हवर. हे न केल्यामुळे 'गॅसलेस वायर टुकार आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. उलट, सगळ्याच फ्लक्स-कोअर वायर गॅसशिवाय चालत नाहीत. खोक्यावरचं वाचून घ्या.

सुरक्षिततेचं बोलणं मी शेवटी ठेवलं, पण करायचं ते सिलिंडर घरी आणण्याआधी. आरगॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड, सीओटू दीडपट. दोन्ही खाली साचतात. आरगॉनला वास नाही, आणि शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय हे कळतही नाही. माणूस नुसता कोसळतो. तळघरात, खड्ड्यात, टाकीच्या आत गॅस लावून काम करायचं नाही. काम संपलं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, फक्त मशीन बंद करून चालत नाही. सीओटूवर आर्कमध्ये कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून हवा खेळती हवी: पंखा धूर तुमच्यापासून दूर ओढेल असा लावा, बीडवर वारा येईल असा नको. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला, हलवताना टोपी लावलेली. आणि लोखंड पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर किंवा तसलं सॉल्व्हंट कधीही वापरू नका. आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. थोडाही पुरतो. ॲसिटोन वापरा आणि पूर्ण वाळू द्या.

सिलिंडर आल्यावर लगेच कामाच्या पाइपला हात घालू नका. तीन मिमीच्या पट्टीचे बारा-पंधरा तुकडे कापा, उलट्या टी सारखे उभे करा आणि फक्त एका बाजूने जोडा. मिक्सवर १७ व्होल्टच्या आसपास सुरुवात करा. सीओटू असेल तर त्याच वायर-स्पीडला एक-दोन व्होल्ट जास्त लागतील. दुसऱ्याने लिहिलेलं सेटिंग जसंच्या तसं चालत नाही याचं एक कारण हेच, त्याचा गॅस वेगळा असतो. प्रत्येक तुकड्यावर खडूने व्होल्ट, वायर-स्पीड आणि गॅस लिहा. गार झाला की शिकंज्यात धरा आणि उभी पट्टी हातोडीने बीडच्या बाजूला आडवी पाडा, म्हणजे मुळाशी ताण येईल. बीड मधून फाटली आणि फाटलेला भाग खरखरीत, करडा दिसला तर सेटिंग बरोबर आहे. एका पट्टीवरून ती सोलून आली आणि खाली चकचकीत सपाट जागा दिसली, तर रस तिथे नुसता टेकला होता. अर्धा व्होल्ट वाढवा, आर्क रसाच्या पुढच्या काठावर ठेवा, आणि पुढचा तुकडा घ्या.